घरची तालीम : शेतातल्याच साहित्याने, बेताच्या खर्चात

"शेतकऱ्यास व्यायाम कशाला? नांगराचे रुमणे धरले की झाला व्यायाम," हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो व मोठेपणी स्वतःही पुष्कळांस ऐकविले. ते वाक्य त्या काळी खरे असेल. आज रुमणे धरणारा हात किती जणांचा आहे, हे प्रत्येकाने आपल्याशी विचारावे. नांगरट व पेरणी ट्रॅक्टर करतो, सोयाबीन मळणीयंत्रातून निघते, आणि शेतावर जावयाचे ते मोटारसायकलवर. उरले काय? निंदणीचे वाकणे, फवाऱ्याचा पंप पाठीवर वाहणे आणि सुगीत पोती उचलणे. ही सारी कामे एकांगी आहेत. वाकावयाचे काम वर्षभर. पाठ मागे ताणावयाचे, हात डोक्यावर खेचावयाचे काम जवळजवळ एकही नाही. श्रम आणि व्यायाम यांत हा भेद आहे : श्रमाने शरीर झिजते, नेमाच्या व्यायामाने ते घडते.

आम्हांस हा धडा उशिरा मिळाला. महसूल खात्यात कारकुनी करता करता आयुष्य टेबलापाशी गेले. सेवानिवृत्तीनंतर इंझोरीस घरच्या शेतीत लक्ष घातले आणि पहिल्याच सुगीत तुरीचे पोते उचलताना कंबर धरली. तीन आठवडे अंथरुणावर काढले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हाड शाबूत आहे. पाठीचे व पोटाचे स्नायू मात्र निकामी झाल्यासारखे आहेत.

त्याच वर्षी आमचा पुतण्या पोलीस भरतीस गेला होता. पुरुष उमेदवारास १६०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ व गोळाफेकीचे १५, असे मैदानावरचे एकूण ५० गुण असतात. त्यांपैकी निम्मे मिळाल्यावाचून लेखी परीक्षेचे दार उघडत नाही. त्यास २२ मिळाले. शेतात दिवसभर राबणारा मुलगा! मनास लागल्यामुळे त्याने शहरातल्या एका दुकानातून ३८,००० रुपयांचे व्यायामयंत्र हप्त्यांनी आणले. आठ महिन्यांत यंत्राची तार तुटली. दुकानदार म्हणाला, तार हमीत येत नाही. पुतण्या आम्हांस म्हणाला, "काका, यंत्र मोडले, पण हप्ते काही मोडले नाहीत." ते हप्ते पुढे सोयाबीनच्या पैशांतून फेडावे लागले. यंत्रावर आज घरातली बारदाने वाळत असतात.

वऱ्हाडास ही विद्या परकी नाही

ज्या मुलुखात आपण राहतो तेथे व्यायामासाठी परक्या यंत्राचे तोंड पाहावे, हे आम्हांस शोभत नाही. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले, आणि १९३६ साली त्याच मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आपले देशी खेळ जगास दाखविले. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव तांबड्या मातीत वाढले आणि १९५२ साली हेलसिंकीस कांस्यपदक मिळवून आले. स्वतंत्र भारतास मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. या मंडळींच्या मागे माती, लाकूड, दगड, दोर आणि नेम एवढेच भांडवल होते. ते आपल्या खळ्यावरही आहे. सबब आम्ही व पुतण्या मिळून गोठ्यापलीकडील मोकळ्या जागेत घरची तालीम उभी केली. ती कशी केली व कोठे चुकलो, ते येणेप्रमाणे.

हौद

आपली काळी माती कपाशीस उत्तम, पण तालमीस निरुपयोगी. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात पायास चिकटते. म्हणून आठ फूट लांब, आठ फूट रुंद व दीड फूट खोल खड्डा खणून त्यात चाळलेली तांबडी माती भरली. हिशेब केला तर हे ९६ घनफूट, म्हणजे जवळजवळ एक ब्रास. येथे आमच्या जुन्या नोकरीचा अनुभव सांगितलाच पाहिजे : माती हेही गौण खनिज आहे. ती बाहेरून आणणे झाल्यास तहसील कार्यालयात स्वामित्वधन भरून वाहतूक परवाना घ्यावा. एका ट्रॉलीसाठी दंड भरणारे कितीतरी शेतकरी आम्ही पाहिले आहेत.

कोल्हापूरच्या तालमींत मातीत ताक, तेल, हळद व लिंबू घालण्याची रीत आहे. आम्ही हळद, थोडे तेल व कडुनिंबाचा पाला घातला. रोज सकाळी माती फावड्याने उकरावी, नाहीतर ती दगडासारखी बसते. मात्र शेणखत मिसळलेली वा गोठ्याजवळची माती हौदात मुळीच घालू नये. तीत धनुर्वाताचे जंतू असण्याचा संभव फार. खरचटणे तालमीत चालावयाचेच. तेव्हा घरातील प्रत्येकाने धनुर्वाताची लस घेतलेली असावी.

आडवा दांडा

दोन खांबांवर दीड इंची लोखंडी नळ, जमिनीपासून साडेसात फूट उंच. यास लोंबकळून शरीर वर खेचणे हा पाठीचा सर्वांत मोठा व्यायाम. येथे आमची पहिली चूक झाली. खांब दोन फूट काळ्या मातीत पुरले. पहिल्या पावसात माती फुगली आणि खांब कलले. दुसऱ्या खेपेस मुरूम लागेपर्यंत खणले व भोवती मुरूम आणि काँक्रीट ठोकून भरले. आता ते हालत नाहीत.

भार

वजनासाठी लोखंड विकत घेण्याचे कारण नाही. जुन्या खताच्या पिशवीत वाळू भरून तोंड शिवावे व ती बारदानात घालून पुन्हा शिवावी. आपल्याच काट्यावर तोलून १५, २०, ३० व ४० किलोची चार पोती आम्ही केली. पोते जमिनीवरून उचलून छातीशी घेणे, खांद्यावर टाकणे, कवेत धरून चालणे, हे सुगीच्या कामास थेट उपयोगी पडते.

काँक्रीटचे गोळे घरी ओतता येतात. रबरी चेंडूस भोक पाडून त्यात सिमेंट, रेती व बारीक गिट्टीचे मिश्रण ठासावे आणि पंधरा दिवस ओले ठेवावे. सहा इंच व्यासाचा गोळा सुमारे साडेचार किलो भरतो, सात इंचांचा सुमारे सात, आणि आठ इंचांचा साडेदहा. पुरुषांच्या भरतीचा गोळा ७.२६० किलोचा असतो, म्हणून सात इंची गोळा सरावास योग्य. परंतु तेवढ्याच वजनाचा लोखंडी गोळा पाच इंचांहूनही लहान असतो, हाताची पकड निराळी पडते. तेव्हा शेवटचे दोन महिने कोणाचा तरी लोखंडी गोळा मागून आणावा.

बांबूच्या टोकास असाच गोळा बसवून आम्ही गदाही केली होती. ती चौथ्या दिवशी फिरवताना तडकली व गोळा पुतण्याच्या कानाजवळून गेला. काँक्रीटची गदा करू नये, असे आमचे स्वच्छ मत आहे. त्याऐवजी वाऱ्याने पडलेल्या बाभळीच्या लाकडाची मुद्गलांची जोडी सुताराकडून कातून घेतली. खांद्यांस तिच्यासारखे औषध नाही.

मल्लखांब मनात होता, पण तो जाणत्या गुरूवाचून करू नये म्हणून तूर्त ठेवला आहे. झाडास बांधलेल्या जाड सुती दोरावर चढणे तेवढे चालू आहे.

धावण्याचे माप

जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. पाणंदीने ८० साखळ्या जावे व तितकेच परत यावे, म्हणजे बरोबर एक मैल, अर्थात १६०९ मीटर होतात. भरतीच्या १६०० मीटरांस हे माप पुरेसे आहे. आम्ही दोरी धरून एकदा मोजले व परतीच्या जागी दगडास चुना लावला.

जमाखर्च

सिमेंट एक गोणी ३८० रुपये, लोखंडी नळ १,१५०, सुताराची मजुरी १,२००, सुती दोर ९००, तांबडी माती स्वामित्वधन व वाहतुकीसह २,४००, बारदाने १६०. एकूण ६,१९० रुपये. रेती व गिट्टी घराच्या बांधकामातून उरलेली होती, खांब घरचेच होते आणि खणण्याची मजुरी आमच्या दोघांच्या पाठीने भरली. हौद वगळल्यास खर्च चार हजारांच्या आत येतो.

नेम

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंस बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. आमचा क्रम याहून थोडा अधिक आहे. पहाटे बारा सूर्यनमस्कार सर्वांनी घालावयाचे. मग एक दिवस जोर, मुद्गल व दांडा, दुसऱ्या दिवशी बैठका, पोती व धावणे. पेरणी व सुगीत हा क्रम निम्मा करावा, पण मोडू नये. फवारणीच्या दिवशी व्यायाम करू नये. चाळिशी उलटलेल्यांनी आरंभापूर्वी रक्तदाब तपासून घ्यावा, आणि भार दोन-दोन आठवड्यांनी थोडा थोडाच वाढवावा.

एक गोष्ट विशेष सांगावयाची. पुतण्याची धाकटी बहीण प्रथम बाजूस उभी राहून पाहत असे. एके दिवशी तिने विचारले, "काका, हा दांडा काय फक्त दादासाठीच पुरला?" आम्हांस उत्तर सुचले नाही. घरातील वडीलधाऱ्या बायांनी थोडी कुरकुर केली; पण मुलींच्या भरतीसही ८०० मीटर, १०० मीटर व चार किलोचा गोळा आहेच, हे दाखविल्यावर ती थांबली. तिच्यासाठी पावणेसहा इंची गोळा निराळा ओतला. आज नेम पाळण्यात ती आम्हा दोघांच्याही पुढे आहे.

फळ काय मिळाले, हे वाचक विचारतील. पुढच्या भरतीत पुतण्यास मैदानावर ३८ गुण मिळाले. लेखी परीक्षेत मात्र थोडक्यात राहिला. त्याची खंत घरात आहे, ती आम्ही लपवीत नाही. तो पुन्हा तयारीस लागला आहे, आणि या खेपेस बहीणही त्याच्याबरोबर अर्ज भरणार आहे. आम्ही स्वतः तीस किलोचे पोते कंबर न धरता उचलतो. नोकरी मिळो वा न मिळो, शेती तर कोणीतरी करावयाचीच आहे, आणि ती सशक्त पाठीने करावी, एवढेच आमचे मागणे.

बैलजोडीच्या खुराकाची काळजी आपले वाडवडील स्वतःच्या जेवणाआधी करीत. तितकी काळजी घरच्या मुलामुलींच्या शरीराची घ्यावी. ज्या शेतकरी बंधूंस हे सारे डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्यांनी पहाटे इंझोरीस यावे. उशिरा आल्यास चहा मिळेल. वेळेवर आल्यास आधी मुद्गल हाती मिळतील.