हप्ता येतो, पण कुणाच्या खात्यात?

“पाय ना बाबू, हप्ता आला का?” वर्षातून दोन-तीनदा तरी आपल्यापैकी अनेकांना घरून हा फोन येतो. मग कॅन्टीनमध्ये बसून पोर्टल उघडा, कॅप्चा टाका, ओटीपीसाठी परत घरी फोन लावा. बऱ्याच शेतकरी घरांचा आयटी विभाग आपणच चालवतो!

या हप्त्याशी आपल्या जिल्ह्याचं खास नातं आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान पोहरादेवीला आले, त्याच दिवशी वाशिममधून पीएम किसानचा १८ वा हप्ता सुटला. देशभरातले सुमारे ९.४ कोटी शेतकरी आणि जवळपास २० हजार कोटी रुपये. सोबत राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पाचवा हप्ताही होता.

आकडे मोठे वाटतात, पण घरात येतात ते केंद्राचे २ हजार आणि राज्याचे २ हजार. दोन्ही मिळून वर्षाचे १२ हजार, म्हणजे दिवसाला ३३ रुपयेसुद्धा नाहीत. डीएपीची एक बॅग १,३५० रुपयांना पडते. म्हणजे ४ हजारांत तीन बॅगा घ्यायच्या तर वरून ५० रुपये खिशातले घालावे लागतात. तरीही पेरणीच्या तोंडावर हातात आलेल्या या पैशाची किंमत घरात सगळ्यांना ठाऊक असते.

हप्ता अडकला, तर आधी पोर्टलवर तीन गोष्टी बघा. जमिनीची नोंद जोडलेली आहे का, ई-केवायसी झालंय का आणि बँक खातं आधारशी जोडलंय का. यातलं एक जरी ‘नाही’ असलं तरी पैसे थांबतात. आणखी एक गोम आहे. पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. वडिलांनी मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडून आधार जोडलं असेल, तर ‘न आलेला’ हप्ता तिथं सापडू शकतो. आणि हो, व्हॉट्सअॅपवर ‘पीएम किसान’ नावानं फिरणारी एपीके फाइल घरच्यांना अजिबात उघडू देऊ नका.

ही झाली तांत्रिक अडचण, ती आपण सोडवू शकतो. पण काही जणांचं नाव या यादीत येतच नाही. ही योजना शेतकरी ओळखते ती सातबाऱ्यावरून. गावात कितीतरी जण दुसऱ्याचं वावर ठोक्यानं किंवा बटईनं करतात. बियाणं त्यांचं, फवारणी त्यांची, सोयाबीन पावसात सापडलं तर नुकसानही त्यांचंच. हप्ता मात्र मालकाच्या खात्यात, मग तो मालक पुण्यात राहत असला तरी!

मग हा व्यवहार कागदावर का येत नाही? विदर्भाचा कूळ कायदा १९५८ चा आहे. कूळ लागलं तर जमीन हातची जाईल, ही भीती मालकांच्या मनात अजून आहे. त्यामुळे व्यवहार तोंडी होतो आणि कसणाऱ्याकडे दाखवायला काहीच उरत नाही. घरातल्या बाईचंही तसंच. निंदण, वेचणी, सोंगणी तिच्या हातची, पण सातबाऱ्यावर तिचं नाव क्वचितच असतं.

याला मार्गच नाही असं नाही. ओडिशानं २०१८ च्या अखेरीस आणलेल्या ‘कालिया’ योजनेत बटईदार आणि भूमिहीन कुटुंबांनाही मदत ठेवली होती. यादी बनवणं तिथंही सोपं नव्हतं, पण जमीन नसलेला माणूसही शेतीवर जगतो, हे सरकारनं कागदावर मान्य केलं.

आपल्याकडे आता शेतकरी ओळख क्रमांक दिले जात आहेत. तोही जमिनीच्या नोंदीलाच जोडलेला आहे. म्हणजे जो आज यादीबाहेर आहे, तो उद्याच्या डिजिटल नोंदीतही बाहेरच राहणार. आपल्या वर्गातही अशा घरातले मित्र असतील. हप्त्याच्या दिवशी सगळ्यांचे मोबाइल वाजतात, त्यांच्या घरचा वाजत नाही. वावरात मात्र त्यांचे वडील रोज असतात.