कपाटाची किल्ली

जिल्हा परिषदेच्या एखाद्या प्राथमिक शाळेत शासनाच्या योजनेतून किंवा गावाच्या लोकवर्गणीतून प्रोजेक्टर अथवा टॅबलेटचा संच येऊन दाखल झाला, म्हणजे सर्वांत आधी त्याची नोंद होते ती जडसंग्रह नोंदवहीत. आणि त्या नोंदीखाली मुख्याध्यापकांची स्वाक्षरी पडली, की वस्तू बिघडली, फुटली वा चोरीस गेली तर जाब कोणाला विचारला जाईल, हेही त्याच क्षणी ठरून जाते. मग ती वस्तू कार्यालयातील लोखंडी कपाटात बंद होते, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात जाते, आणि तपासणीच्या दिवशी धूळ पुसून ती टेबलावर मांडली जाते. अशा शाळेविषयी ‘येथील शिक्षकांना नवे काही नकोच असते’ असा शेरा मारून मोकळे होणे सोपे आहे. मला तो शेरा अन्यायाचा वाटतो.

शिक्षकाच्या संकोचामागे एक विचारपूर्वक मांडलेला हिशेब असतो. दोनशिक्षकी शाळेत, एकाच खोलीत दोन इयत्ता समोर बसवून, एकीला गणिते घालायची आणि दुसरीकडून वाचन करवून घ्यायचे, असा ज्या बाईंचा रोजचा क्रम आहे, त्यांच्या तासिकेत यंत्र मध्येच अडले तर पाच मिनिटांत साऱ्या वर्गाचे अवधान सुटते आणि ते पुन्हा बांधून घेण्यात उरलेला वेळ निघून जातो. शिवाय मोठमोठी भाकिते शिक्षकवर्गाने पूर्वीही ऐकलेली आहेत. चित्रपटांमुळे शाळेतील पुस्तके लवकरच निरुपयोगी ठरतील, असे थॉमस एडिसनने 1913 साली सांगितले होते. शंभराहून अधिक वर्षे लोटली, पुस्तक अद्याप मुलांच्या हातात आहे. फ्रेड डेव्हिस या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये असे प्रतिपादन केले, की माणूस नवे तंत्र स्वीकारताना मुख्यतः दोन गोष्टी पाहतो: ते माझ्या कामाला उपयोगी पडेल काय, आणि ते वापरणे मला झेपेल काय. आमच्या बाई नेमके हेच विचारीत असतात. फरक इतकाच, की परिपत्रकात या प्रश्नांना उत्तर नसते.

ते उत्तर कोठे मिळते, हे समजण्यासाठी शाळेपासून फार दूर, अमेरिकेतील आयोवा प्रांताच्या मक्याच्या शेतात जावे लागेल. संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्यांनी कसकसे स्वीकारले, याचा शोध ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघा समाजशास्त्रज्ञांनी घेतला व 1943 मध्ये तो प्रसिद्ध केला. पाहणीतील 259 शेतकऱ्यांपैकी दोघे वगळता सर्वांनी 1941 पर्यंत नवे बियाणे घेतले होते. पण त्यांनी ते कसे घेतले, हे अधिक बोधप्रद आहे. बियाण्याची वार्ता बहुतेकांना विक्रेत्यांकडून कळली, परंतु त्यांची खात्री पटली ती शेजाऱ्याचे पीक पाहून. आणि खात्री पटल्यावरही सारे शेत एकदम न पेरता त्यांनी प्रथम एका लहानशा तुकड्यावर ते लावून पाहिले. विक्रेता वार्ता आणतो, विश्वास शेजारी देतो, ही गोष्ट शेतीइतकीच शाळेलाही लागू आहे.

आपल्या व्यवस्थेत या शेजाऱ्याची जागा आधीच तयार आहे. केंद्रातील शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेसाठी एकत्र जमतात. परंतु तेथील वेळ सूचना वाचण्यात आणि प्रलंबित माहितीचा तगादा लावण्यात खर्ची पडला, तर ती परिषद नावापुरतीच उरते. त्याऐवजी त्याच केंद्रातील एखाद्या बाईंनी, त्यांच्यासारखीच मुले समोर बसवून, अपूर्णांकाचा पाठ टॅबलेटच्या साहाय्याने प्रत्यक्ष घेऊन दाखवावा, तो मध्ये अडला तर अडू द्यावा, आणि केंद्रप्रमुखांनी मागच्या बाकावर बसून शेवटी ‘हे मला नीट समजले नाही, पुन्हा दाखवा’ असे मोकळेपणाने म्हणावे. अधिकाऱ्याने सर्वांसमक्ष शिकणाऱ्याची भूमिका घेतली, की इतरांना आपले अज्ञान लपविण्याचे कारण उरत नाही.

आणि कल्पना नेहमी वरूनच खाली येते असेही नाही. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी येथील शाळेत 2009 साली रुजू झालेल्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, पाठ आणि स्वाध्याय मुलांपर्यंत पोहोचविले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापले जाऊ लागले. 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पारितोषिकाचे कौतुक सर्वत्र झालेच. मला मात्र त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या गुरुजींनी आधी कन्नड भाषा शिकून घेतली, कारण मुलांची मातृभाषा ती होती. मुलांची अडचण त्यांना प्रथम दिसली, यंत्र मागाहून आले. ज्या मुख्याध्यापकाला आपल्या सहकाऱ्यांकडून काही घडवून घ्यायचे आहे, त्यानेही ‘हे यंत्र वापरा’ असे म्हणण्यापूर्वी ‘तुमच्या वर्गात कोठे अडते?’ एवढेच विचारावे.

येथे एक तक्रार सरळ नोंदविली पाहिजे. शिक्षकाच्या हातातील मोबाइल आज अध्यापनाचे साधन होण्याआधीच माहिती पुरविण्याचे साधन होऊन बसला आहे: अमुक उपक्रमाची छायाचित्रे पाठवा, तमुक नोंद सायंकाळपर्यंत भरा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढी कामे वगळता शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावण्यास मनाई केली आहे. कायद्याचा हेतू वर्गातील वेळ राखण्याचा आहे, आणि तो वेळ जर पडद्यावरील रकाने भरण्यात जात असेल, तर त्याच पडद्याविषयी शिक्षकाच्या मनात प्रेम कसे उपजावे? ज्या मुख्याध्यापकांनी हा भार स्वतः पत्करून सहकाऱ्यांना आठवड्यातील एखादी तासिका केवळ नवे शिकण्यासाठी मोकळी करून दिली, त्यांना वेगळा हुकूम काढावा लागणार नाही. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या, खडूफळ्यावर आणि गोष्टीच्या बळावर वर्ग खिळवून ठेवणाऱ्या गुरुजींवर तर सक्ती मुळीच करू नये. त्यांची ती गोष्ट तरुण सहकाऱ्याने ध्वनिमुद्रित करून घ्यावी.

म्हणून राज्यातील मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच सभेत, वर्गात वापरताना बिघडलेल्या साधनाच्या दुरुस्तीचा खर्च शाळा सोसेल, शिक्षकाकडून तो मागितला जाणार नाही, असा ठराव मांडून घ्या. आणि त्याच दिवशी कपाटाची किल्ली, ज्या शिक्षकाने आपणहोऊन ती मागितली असेल, त्याच्या हाती द्या.