कागदावरचा ‘झेड ११.४’

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळी दवाखान्याचे शटर जेमतेम वर गेले होते, तोच तिशीतला एक गृहस्थ आत येऊन बाकावर बसला. कल्याणच्या एका खासगी इस्पितळात चार दिवसांपूर्वी त्याचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. (या लेखातील माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मला वाटले, टाके दुखत असतील. पण त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि विचारले, “डॉक्टर, मला एड्स झालाय का?”

कागद विम्याच्या फॉर्मची झेरॉक्स होता. निदानाच्या रकान्यात ‘के ४०.९’ आणि त्याखाली ‘झेड ११.४’ असे दोन कोड लिहिले होते. पहिला हर्नियाचा. दुसरा मेहुण्याने मोबाइलवर शोधला, तेव्हा समोर ‘एचआयव्ही’ हा शब्द आला. त्याने पुढचे काही वाचले नाही. संध्याकाळपर्यंत बहीण आणि तिचे तान्हे मूल मुरबाडला माहेरी पोचले होते.

गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) त्याच फाइलमध्ये रक्ताचा रिपोर्ट होता. त्यावर स्वच्छ लिहिले होते : नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. म्हणजे एचआयव्ही आढळला नाही. तो कोणी वाचलाच नव्हता.

हे कोड काय असतात ते पाहू. जगभरच्या डॉक्टरांनी एकाच आजाराला एकाच खुणेने ओळखावे म्हणून आजारांची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे. तिला आयसीडी म्हणतात. मूळ यादी फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बर्टिलाँ यांनी १८९३ साली मांडली, ती केवळ मृत्यूच्या कारणांची होती. १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिच्यात इतर आजारही आले. दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली व १९९४ पासून वापरात आली. अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, पण आमच्या या गृहस्थाच्या फॉर्मवरचा रकाना दहावीचाच होता.

कोड म्हणजे सातबाऱ्यावरचा गट नंबर समजा. नुसत्या नंबरावरून जमीन कोणाची आणि बोजा किती हे कळत नाही. त्यासाठी उतारा वाचावा लागतो.

या यादीत ‘झेड’ अक्षराने सुरू होणारे कोड आजाराचे नसतातच. माणूस डॉक्टरकडे कशासाठी आला, त्याची ती नोंद असते. बाळाला लस टोचली, गरोदर बाई तपासणीला आली, तरी ‘झेड’. ‘झेड ११.४’ म्हणजे एचआयव्ही आहे का हे पाहण्यासाठी केलेली चाचणी. निष्कर्ष काय निघाला हे तो कोड सांगत नाही. त्याच्या जवळपासचे आणखी दोन : ‘झेड २०.६’ म्हणजे संसर्गाशी संपर्क आला असावा, उदाहरणार्थ नर्सला सुई टोचली. आणि ‘झेड ७१.७’ म्हणजे एचआयव्हीविषयी समुपदेशन. ‘आर ७५’ हा चाचणीत खूण दिसली पण निश्चित काही म्हणता येत नाही अशा वेळचा. बाधित आईच्या नवजात बाळाच्या रक्तात आईची प्रतिद्रव्ये असतात, त्यामुळे साधी चाचणी पॉझिटिव्ह येते, पण बाळाला संसर्ग झालेलाच असतो असे नाही. तिथे हा कोड उपयोगी पडतो.

खरा संसर्ग सांगणारे कोड वेगळे. ‘झेड २१’ म्हणजे रक्तात विषाणू आहे, पण लक्षणे नाहीत. (‘झेड’ असूनही हा एक मात्र संसर्ग आहे असे सांगतो.) ‘बी २०’ ते ‘बी २४’ म्हणजे एचआयव्हीमुळे आजार सुरू झाले आहेत. ‘बी २०.०’ हा त्यातला आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचा : एचआयव्हीसोबत क्षय. एचआयव्हीच्या रुग्णांचा सर्वांत मोठा शत्रू क्षयच आहे, म्हणून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही चाचणी करण्याचा दंडक आहे. अकराव्या आवृत्तीत तर या जोडीला ‘१सी६०’ असा स्वतंत्र कोड दिला आहे. लक्षणे नसलेल्यांनाही त्या आवृत्तीत आजाराच्या पहिल्या टप्प्यात धरले आहे, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. ‘झेड २१’ वाचून “मग मला औषध कशाला?” असे विचारणारे मला भेटले आहेत. २०१७ पासून आपल्या देशाचे धोरण असे की, निदान झाले की लक्षणांची वाट न पाहता लगेच औषध सुरू करायचे.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो.

मी खडवलीत दवाखाना टाकला त्याला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. १९९९ साल. ट्रकवर जाणारा एक माणूस माझ्याकडे येत असे. वजन निम्मे झालेले, तोंडात पांढरा बुरसा, महिनोन्‌महिने जुलाब. मुंबईला तपासणी झाली, तिथे काय निघाले ते त्याच्या थोरल्या भावाला आणि मला ठाऊक होते. तो घरीच गेला. भाऊ हात जोडून म्हणाला, “डॉक्टर, तेवढं नाव लिहू नका. धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचंय.” मी मृत्यूच्या दाखल्यावर ‘न्यूमोनिया’ एवढेच लिहिले.

न्यूमोनिया खोटा नव्हता, त्याला तो झालाच होता. पण दाखल्यावर एकाखाली एक ओळी असतात त्या उगीच नाहीत. वर तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे झाले, सर्वांत खाली मूळ कारण. मोजणी मूळ कारणाची होते. मी खालच्या ओळी कोऱ्या सोडल्या, म्हणजे त्या माणसाला कोड पडला असेल तर तो साध्या न्यूमोनियाचा, ‘जे १८’. गावात एचआयव्हीने मृत्यू झाला याची कागदोपत्री खूण उरली नाही.

ते एक वेळ सोडा. त्याच्या बायकोलाही मी न्यूमोनियाच सांगितला. कागदावर जे लिहिले तेच तोंडातून आले. सहा वर्षांनी, २००५ साली, ती अंगावर नागीण उठली म्हणून आली, तेव्हा मला घाम फुटला. चाचणी पॉझिटिव्ह आली. तिचे नशीब एवढेच की, १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटीची औषधे मोफत द्यायला सुरुवात केली होती. ती आज रोज एक गोळी घेते, शेतावर जाते, नातवंडे सांभाळते. पण ती सहा वर्षे माझ्या खात्यावर आहेत.

त्या भावाच्या भीतीत तथ्य नव्हते असे नाही. पण कागद कोणाच्या हाती जातो, हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि मलाही नीट ठाऊक नव्हते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार वारसाला मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण छापत नाहीत. डॉक्टरचा कारणाचा कागद वेगळा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळते. ती गावभर फिरवण्यासाठी नसते.

जिवंत माणसाचे संरक्षणही आता बळकट आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयात एका कामगाराचा खटला चालला. कामाला तंदुरुस्त असूनही केवळ एचआयव्हीमुळे त्याला नोकरीत घेतले नव्हते. न्यायालयाने ते बेकायदा ठरवले, आणि त्याचे नाव उघड होऊ दिले नाही. निकालपत्रात तो ‘एमएक्स’ आहे. पुढे २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा आला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि निष्कर्ष परस्पर कोणाला सांगता येत नाही. रुग्ण जोडीदाराला सांगायला तयारच नसेल आणि जोडीदाराला धोका असेल, तर ठराविक अटींवर डॉक्टर त्या जोडीदाराला सांगू शकतो. १९९९ साली मला असा आधार असता तर, असे मनात येते. पण धीर कायद्यातून येतोच असेही नाही.

आमच्या हर्नियावाल्याने इस्पितळात पाच-सहा ठिकाणी सह्या केल्या होत्या. त्यातली एक या चाचणीच्या संमतीची होती, हे त्याला मी सांगितल्यावर कळले. चाचणीआधी दोन मिनिटे कोणी त्याच्याशी बोलले असते, तर तो कागद घरी पोचल्यावर एवढे रामायण घडले नसते. तुमच्या कागदावर असा कोड दिसला तर इस्पितळात त्याचा अर्थ शब्दांत लिहून मागा, आणि सोबतचा रिपोर्ट आधी वाचा. शंका असेल तर सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात चाचणी मोफत होते, नाव गुप्त राहते. १०९७ या क्रमांकावर फोनवरही माहिती मिळते, पैसे पडत नाहीत.

मी त्याच्यासमोरच मेहुण्याला फोन लावला. त्याने विचारायला सांगितले म्हणूनच लावला. मेहुणा आधी गप्प, मग म्हणाला, “पण मग झेड कशाला लिहायचं?” मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. पाच दिवसांनी टाके काढायला नवरा-बायको दोघे आले. मूल तिच्या कडेवर होते, आणि कागदांची पिशवी तिच्याच हातात होती.