परदेशी जाताना : आधी कागद, मग तिकीट

दुबई, जेद्दा, इस्तंबूल, बँकॉक ही नावे आता आमच्या राहात्यासारख्या तालुक्याच्या गावीही परकी राहिलेली नाहीत. कोणी उमऱ्याला जातो, कोणी आखातातल्या मुलाकडे जातो, कोणी चार दिवस फिरून येतो आणि त्याच फेरीत तिथला बाजारही पाहून घेतो. पैसा जमतो, तिकीटही हाती येते. आणि ऐनवेळी विमानतळाच्या काउंटरवर कागद अडतो. आमचा धंदा कापडाचा. पन्हा, वजन, रंग उजेडात पाहिल्याशिवाय आम्ही तागा उचलत नाही. परदेश प्रवासालाही तीच नजर लावावी, म्हणून हा लेख.

नाव एक, स्पेलिंग तीन

आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. शाळेच्या रजिस्टरात नाव उर्दूत, रेशनकार्ड व सात-बारावर मराठीत आणि बँक, पॅन, आधारवर इंग्रजीत. उर्दूतला एकच ‘शेख’ इंग्रजीत कोणी ‘ए-आय’ने लिहितो, कोणी ‘ई-आय’ने. ‘मोहम्मद’ कोणी पुरा लिहितो, कोणी चार अक्षरांत उरकतो. दुकानाच्या पाटीवर हे खपते, पासपोर्टवर खपत नाही. म्हणून पासपोर्टचा अर्ज भरण्यापूर्वी शाळेचा दाखला, आधार, पॅन आणि बँक पासबुक एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवावे आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. फरक असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्यावा. नावच बदलायचे असेल, तर राज्य शासनाच्या राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून घेण्याची सोय आहे.

स्त्रियांच्या बाबतीत एक अडचण विशेष येते. अनेकींच्या पासपोर्टवर फक्त एकच नाव असते, आडनावाचा रकाना कोरा असतो. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये असे एकेरी नाव असलेल्यांना टुरिस्ट व भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारण्याचा नियम जाहीर केला. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असल्यास चालेल, असा खुलासा नंतर झाला. तरीही नवा पासपोर्ट काढताना दोन्ही रकाने भरलेले बरे.

मुदत आणि अर्ज

आपला जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. अर्ज ऑनलाइन भरून वेळ घ्यावी लागते. मोठ्या माणसाच्या पासपोर्टची मुदत दहा वर्षे, मुलांची साधारण पाच वर्षे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच लागतो. बहुतेक देश प्रवासाच्या दिवसापासून पुढे सहा महिने मुदत शिल्लक मागतात. घरात पाच पासपोर्ट असतील तर पाचही तपासावेत. एकाची मुदत संपत आली असेल तर सारे कुटुंब खोळंबते.

पासपोर्ट व व्हिसा हाती आल्याखेरीज परत न मिळणारे तिकीट घेऊ नये. एजंटाला पैसे देताना पावती घ्यावी, आणि पावतीवर विमान, हॉटेल, हरमपासूनचे अंतर, जेवण, परतीची तारीख हे सर्व लिहून घ्यावे. ओळखीचा माणूस आहे म्हणून पावती सोडू नये. उधारीच्या वहीत आपण ओळखीच्या माणसाचेही नाव लिहितोच.

टुरिस्ट व्हिसावर काम नाही

आमच्या कारागीर बांधवांना हे ठासून सांगावेसे वाटते. शिलाई, फर्निचर, प्लंबिंग, वेल्डिंग यांतील तरुणांना ‘आधी टुरिस्ट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलून देतो’ असे सांगणारे दलाल गावोगाव फिरतात. टुरिस्ट व्हिसावर काम करणे आखाती देशांत गुन्हा आहे. मजुरी बुडाली तर दाद मागायला हातात करारच नसतो. भारतातून कामासाठी पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि ही यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. एजंटाची फी तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. लाख-दीड लाख मागणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आधी विचारावा. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ असा शेरा असतो. आखातासह ठराविक देशांत नोकरीला जाताना त्यांना सरकारी मंजुरी लागते, आणि ही मंजुरी त्यांच्याच रक्षणासाठी आहे.

भेटीच्या व्हिसावर हजही करता येत नाही. सौदी सरकार अशा माणसाला मोठा दंड करून परत पाठवते आणि पुढे प्रवेशबंदी घालते. हज हा हज समितीमार्फत किंवा केंद्र शासनाकडे नोंदलेल्या खाजगी संयोजकामार्फतच करावा.

रक्कम कशी न्यावी

एका फेरीला तीन हजार अमेरिकन डॉलरपर्यंत परकी नोटा नेता येतात. बाकी रक्कम कार्डावर न्यावी. हज-उमऱ्यासाठी सवलत वेगळी आहे, ती बँकेत विचारावी. चलन विकत घेताना पन्नास हजार रुपयांपर्यंतच रोख चालते, पुढे चेक किंवा कार्ड लागते. भारतीय नोटा पंचवीस हजारांपर्यंत नेता येतात. चलन बँकेतून किंवा परवानाधारकाकडूनच घ्यावे व पावती सांभाळावी. चार पैसे स्वस्त मिळतात म्हणून गल्लीतल्या माणसाकडून घेतलेल्या नोटेचा हिशेब कस्टममध्ये देता येत नाही. टूर पॅकेजवर जो ‘टीसीएस’ कर घेतला जातो तो बुडीत नसतो. तो आपल्या पॅनवर जमा होतो व विवरणपत्र भरताना वळता होतो. म्हणून पॅन नंबर बरोबर द्यावा.

बाजार पाहायला जाणाऱ्यांनी दुसऱ्याच्या देण्याला जामीन राहू नये. चीनमधील यिवू या घाऊक बाजारात मालक देणी टाकून पळाला आणि त्याच्याकडे काम करणाऱ्या दोन भारतीयांना तेथील व्यापाऱ्यांनी अडकवून ठेवले. त्यानंतर जानेवारी २०१२ मध्ये भारतीय दूतावासाला आपल्या व्यापाऱ्यांना जाहीर इशारा द्यावा लागला.

बॅगेत काय नको

मसाल्याच्या डब्यातली खसखस आखाती देशांत अमली पदार्थात मोजली जाते. पुडीभर सापडली तरी माणूस अडचणीत येतो. घरचा मसाला नेताना त्यात ती नाही याची खात्री करावी. ट्रामाडॉल, कोडीन असलेल्या वेदनाशामक व खोकल्याच्या औषधांवरही तेथे कडक निर्बंध आहेत. रक्तदाबाची, साखरेची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत. दुसऱ्याने ‘माझ्या भावाला एवढे द्या’ म्हणून दिलेले बंद पाकीट घेऊ नये, नातलग असला तरी उघडून पाहावे. प्रवास विमा काढावा. परदेशी दवाखान्याचे एका रात्रीचे बिल साऱ्या सहलीपेक्षा जड होऊ शकते.

येताना सोन्याच्या दागिन्यांची करमाफी वर्षाहून जास्त काळ परदेशी राहिलेल्यांसाठी आहे, आठवड्याच्या पाहुण्यासाठी नाही. घरचे दागिने घालून जायचे असतील तर निघताना कस्टमकडून तसा दाखला घ्यावा. विक्रीसाठी आणलेले कापडाचे तागे सामान म्हणून चालत नाहीत. तो आयात माल ठरतो आणि त्यासाठी आयात-निर्यात कोड नंबर लागतो.

निघण्याआधी

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला, त्यामुळे मुंबई जवळ आली हे खरे. पण आमणेपुढची भिवंडी-ठाण्याची गर्दी आहेच. विमानाच्या तीन तास आधी दारात असावे आणि गाडीची वेळ त्यावरून मागे मोजावी. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट व विम्याची एकेक नक्कल घरी ठेवावी, एक वेगळ्या बॅगेत. त्या देशातील भारतीय दूतावासाचा नंबर कागदावर लिहून खिशात असावा, कारण मोबाईल बंद पडतो. आणि सफरीवर निघण्यापूर्वी देणे-घेणे लिहून घरच्यांच्या हाती देण्याची आपल्या बुजुर्गांची जी चाल आहे, ती मोडू नये. दुकानाची वही, कोणाचे किती येणे, कोणाचे किती देणे, हे घरात एकाला तरी ठाऊक असले पाहिजे.