गोळीला गुडघ्याचा पत्ता ठाऊक नसतो

डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन कमरेत टोचलं, औषध तोंडावाटे गेलंच नाही, तरीही त्यानं जठरात व्रण होऊ शकतो. पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही. आपली समजूत अशी, की दुखण्यावरची गोळी ‘गरम’ असते, पोटात पडली की आतून जाळते, म्हणून इंजेक्शन बरं. खरी हकिकत याहून कितीतरी विलक्षण आहे.

शरीरात कुठंही इजा झाली, की तिथल्या पेशींच्या आवरणातून एक स्निग्धाम्ल सुटं होतं. सायक्लोऑक्सिजनेज, थोडक्यात ‘कॉक्स’ नावाचं एन्झाइम त्यापासून प्रोस्टाग्लँडिनं बनवायला लागतं. मग रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल होते, सुजते आणि तिथल्या नसा इतक्या हळव्या होतात की एरवी जाणवलाही नसता असा स्पर्श कळ आणतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, अॅस्पिरिन ही सगळी औषधं हेच एन्झाइम अडवतात. अॅस्पिरिन 1899 पासून विकलं जातंय. पण ते नेमकं काय करतं हे जॉन व्हेन यांनी लंडनमध्ये उलगडलं ते 1971 साली. तब्बल 72 वर्षं माणसं ते घेत होती, त्यांना उतार पडत होता आणि का पडतो हे जगात कुणाला ठाऊक नव्हतं! या कामासाठी व्हेन यांना 1982 चं नोबेल विभागून मिळालं.

आता गंमत अशी, की ठणका वाढवणारं हेच प्रोस्टाग्लँडिनांचं कुटुंब आपली राखणही करतं. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, मांस पचवणारं. तरी जठर स्वतःला पचवत नाही, कारण प्रोस्टाग्लँडिनांच्या सांगण्यावरून त्याच्या अस्तरावर अखंड बुळबुळीत थर चढत असतो. रक्तातून आलेलं औषध गुडघा आणि जठर यांत फरक करू शकत नाही. ते दोन्हीकडचं काम थांबवतं. म्हणून इंजेक्शननंही अस्तर उघडं पडतं, आणि म्हणूनच जेवणानंतर गोळी घेतल्यानं मळमळ, जळजळ कमी झाली तरी व्रणाचा धोका टळत नाही. शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर गोळी बंद करून तडक दवाखाना गाठायचा.

मूत्रपिंडांची कथा तर मला यात सर्वांत थक्क करणारी वाटते. शरीरात पाणी कमी पडलं, की मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसू लागतात. त्या उघड्या ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिनं करतात. निरोगी, भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाला एखाद्या गोळीनं सहसा काही होत नाही. पण मे महिन्यात दिवसभर उन्हात राबलेला मजूर, जुलाबांनी गळून गेलेली आजी, रक्तदाबाची टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी घेणारे आजोबा, यांची मूत्रपिंडं त्या क्षणी याच आधारावर चाललेली असतात. तो आधार काढून घेतला, तर ती काही दिवसांत बंद पडू शकतात, तेही कुठलीच वेदना न होता.

मूत्रपिंडांवरचा हा घाव किती खोल जाऊ शकतो, हे भारतीय उपखंडाच्या आभाळानं पाहिलंय. नव्वदच्या दशकात गिधाडं पटापट मरू लागली. मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे विभू प्रकाश यांनी राजस्थानातल्या भरतपूरला ही घसरण नोंदवली. मेलेल्या पक्ष्यांच्या अवयवांवर युरिक आम्लाची पांढरी भुकटी साचलेली असे. कारण 2004 मध्ये कळलं: गुरांना दुखण्यासाठी दिलेलं डायक्लोफेनॅक. ते ढोर मेलं, गिधाडांनी खाल्लं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं भारतात 99 टक्क्यांहून जास्त घटली. 2006 मध्ये भारतानं गुरांसाठी हे औषध बंद केलं. गिधाडांइतके आपण नाजूक नाही, पण रेणू तोच आहे.

अॅस्पिरिनचा आणखी एक चमत्कार सांगायलाच हवा. कॉक्स एन्झाइममध्ये एक अरुंद बोगदा असतो. आयबुप्रोफेन त्यात शिरतं आणि काही तासांनी निघून जातं. अॅस्पिरिन मात्र तिथं कायमची खूण चिकटवतं. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेटला केंद्रक नसतं, नवं एन्झाइम तिला बनवता येत नाही, त्यामुळे तिच्या सात-दहा दिवसांच्या आयुष्यातल्या उरलेल्या काळासाठी ती कामातून जाते. हृदयरोग्याला रोज 75 मिलिग्रॅमची इवलीशी गोळी पुरते ती यामुळेच. पण त्याआधी आयबुप्रोफेन घेतलं असेल तर बोगदा अडलेला असतो आणि अॅस्पिरिन हात हलवत परतू शकतं. दोन्ही लागत असतील, तर कोणती कधी घ्यायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

म्हणून नियम साधे आहेत. कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस. स्वतःच्या मनानं घेताना आयबुप्रोफेन दिवसभरात 1200 मिलिग्रॅमच्या पुढे न्यायचं नाही. या जातीच्या दोन गोळ्या एकत्र नकोत. पाकिटावरचं नाव वेगळं असलं तरी आतलं औषध वाचा. पॅन्टोप्राझोलसारखी आम्लाची गोळी जठर सांभाळते, मूत्रपिंड नाही. आधी व्रण झालेला असेल, मूत्रपिंड किंवा हृदय कमकुवत असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, किंवा गरोदरपणाचे 20 आठवडे उलटले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. नुसता गुडघा दुखत असेल तर आधी याच जातीच्या औषधाचं जेल चोळून पाहा. त्यातलं फार थोडं औषध रक्तात उतरतं.

आणि पावसाळ्यात ताप येऊन अंग मोडून आलं, तर दुकानदाराकडून ‘तापाची नि अंगदुखीची’ म्हणून मिळेल ती गोळी घेऊ नका. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. तो ताप डेंग्यूचा निघाला, तर प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात आणि ही औषधं रक्तस्राव वाढवतात. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत.