‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही!’

पेशंटच्या घराण्याची वंशावळ काढायला कागद पुढे ओढला की हे वाक्य येतंच. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, आजारी असेल तर आतून काळा. कागदावर एकच चौकोन काळा: दीड वर्षाचा मुलगा, थॅलेसेमिया मेजर, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आजी ठासून सांगतात, “सात पिढ्यांत कुणाला नाही.” वाक्याचा उरलेला भाग सुनेकडे बघून असतो.

आजी खोटं बोलत नसतात. चीड येते ती त्यातून काढलेल्या अर्थाची. हा आजार बीटा ग्लोबिनच्या जनुकातल्या बिघाडाचा. या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. असा माणूस मायनर, म्हणजे वाहक. हिमोग्लोबिन जरा कमी, बाकी ठणठणीत. नव्वदी गाठली तरी त्याला पत्ता नसतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत देशात सरासरी ३ ते ४ टक्के लोक वाहक असल्याचं म्हटलंय. सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत त्याहून जास्त. बिघाड गुपचूप खाली उतरत राहतो आणि दोन वाहकांचं लग्न झालं की पहिल्यांदा दिसतो. म्हणजे घराण्यात आधी कुणी आजारी नसणं हेच नेहमीचं!

आणि मेजर व्हायला दोन बिघडलेल्या प्रती लागतात. एकट्या सुनेकडून त्या येणार कुठून? हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारा बापाचा एचपीएलसी रिपोर्ट उघडतो: ए२ हिमोग्लोबिन ५.४ टक्के. साडेतीनच्या आत असायला हवं होतं. बाप वाहक, म्हणजे त्याच्या आईवडिलांपैकी एक जण जवळपास नक्कीच वाहक. पण वाहक म्हणून आजींचा गोल मी लगेच अर्धा रंगवत नाही. आधी त्यांचं रक्त तपासू म्हणतो. खोलीत एकदम शांतता.

अशी आणखी वाक्यं कानावर येतात.

“चारांत एक ना? एक झालं, आता तीन सुटली.” नाही हो. आईबाप दोघं वाहक असतील तर २५ टक्के धोका प्रत्येक गरोदरपणात नव्याने.

“नवराबायकोचा रक्तगट एकच, म्हणून झालं.” संबंध शून्य. या कारणाने स्थळं मोडतात, पण वाहक तपासणी कुणी विचारत नाही.

“आनुवंशिक म्हणजे आईबापांकडूनच आलेलं.” डुशेन स्नायुविकारात सुमारे एक तृतीयांश मुलांत बिघाड नव्याने झालेला असतो, आईच्या रक्तात तो सापडत नाही.

“एक्झोम नॉर्मल, म्हणजे काही नाही.” एक्झोम म्हणजे सगळ्या डीएनएचा जेमतेम दीड-दोन टक्के भाग. फ्रॅजाइल एक्ससारखा आजार त्यात सहसा दिसतच नाही.

थॅलेसेमियाच्या घरात पुढच्या बाळाचा विचार असेल तर दिवस जायच्या आधी या, पाचव्या महिन्यात नको. पोटातल्या बाळाच्या तपासणीसाठी वारेचा नमुना ११ ते १३ आठवड्यांत घेतात, आणि त्याआधी दोघांचा नेमका बिघाड हाताशी लागतो. येताना मुलाचा पहिल्यांदा रक्त चढवण्याआधीचा रिपोर्ट आणा. नंतरच्या एचपीएलसीत रक्तदात्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं.