मिरीची करामत, टक्क्यांची गंमत

‘हळदीच्या दुधात मिरी घातली की हळद २००० टक्के जास्त लागू पडते, हे खरं का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. आकडा खरा आहे, पण तो पेल्यातल्या दुधाचा नव्हे.

१९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. रक्तात ते जेमतेमच सापडलं. सोबत मिरीतलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिल्यावर ते वीसपट वाढलं. आता नगण्याची वीसपट म्हणजे किती? शिवाय हळदीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. दोन ग्रॅम हवं तर ६०-७० ग्रॅम हळद खावी लागेल!

मिरीची करामत मात्र अस्सल आहे. आतड्यातून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं. यकृत म्हणजे शरीराचा जकात नाका. अनोळखी माल दिसला की त्यावर ग्लुक्युरॉनिक आम्लाचा शिक्का मारून तो बाहेर काढायचा, हे तिथलं काम. थोडी तपासणी आतड्याच्या भिंतीतच उरकते. पायपरिन या शिक्का मारणाऱ्या विकरालाच रोखतं.

हे ओळखलं जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या डॉ. सी. के. अटल यांनी. आयुर्वेदाच्या इतक्या औषधी पाठांमध्ये पिंपळी, मिरी, सुंठ का, हा त्यांचा साधा प्रश्न. पायपरिन असलेल्या पिंपळीसोबत अडुळशातलं व्हासिसिन रक्तात अधिक उतरतं, हे त्यांच्या गटाने प्राण्यांवर दाखवलं. हाच धागा पकडून पुढे क्षयावरची गोळी आली: पायपरिनच्या जोडीने रिफॅम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम. हळदीच्या कॅप्सूलच्या जाहिरातीत अटल यांचं नाव कधी वाचलंय?

जाहिरातीत आणखी एक गोष्ट नसते. नाकेदार डुलकी घेतो तेव्हा एकट्या हळदीचाच ट्रक सुटत नाही. फिटांवरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल, दम्यावरचं थिओफायलिन यांचंही रक्तातलं प्रमाण पायपरिनमुळे वाढल्याचं आढळलं आहे. अमेरिकेत हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले. त्यांच्यापैकी काहींच्या गोळ्यांत पायपरिनही होतं.

फोडणीतली हळद आणि रश्शातली मिरी बिनधास्त खा. कॅप्सूल घेत असाल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांनी ‘आणखी कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारल्यावर तिचंही नाव सांगा.